दसऱ्यानंतरचा पहिला नमुना

"ओला आहे, जरा पुसून घ्या," म्हणत शीतल मगदूमनं पँटच्या खिशातून एक पिवळा खुळखुळा काढला आणि टिळेकर साहेबांच्या टेबलावर, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी ठेवला.

खुळखुळा खरोखरच ओला होता. दांडीवर बारीक दातांच्या खुणा होत्या आणि मूर्तिकारानं मूर्तीखालची सही दाखवावी तशा मगदूमनं त्या आम्हाला दाखवल्या. त्याचा कारखाना आमच्याच कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत होता. तान्ह्या पोरांचे खुळखुळे आणि चावायच्या रिंगा तो काढायचा. मालाच्या तपासणीची त्याची स्वतःची पद्धत होती. नवा रंग आला की पहिला नग घरी लेकीकडे जायचा. बबडीला दात येत होते. तिनं फेकून दिला तर मगदूम विचारात पडायचा, दिवसभर धरून बसली तर माल सुटायचा.

"मग आमच्याकडे काय काम काढलंत?" साहेबांनी विचारलं.

"पुण्याचा दुकानदार कागद मागतोय. शिसं न्हाई, विषारी काय न्हाई, असा. त्याला म्हटलं, माझ्या पोरीनं चावलंय की. तर म्हणतो, तिचा शिक्का आहे का?"

शीतल हे आमच्या सांगलीकडे पुरुषाचंही नाव असतं, एवढं परगावच्या वाचकांसाठी सांगून पुढे जातो.

मी त्या वेळी टिळेकर परीक्षण केंद्रात नोकरीला होतो. केंद्र म्हणजे एक हॉल, त्यात मी, मुजावर मॅडम, साहेब आणि एक विलायती यंत्र. यंत्र दिसायला भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं. पण ते भोक पाडत नसे. वस्तू त्याच्या नाकाला टेकवली की ती न फोडता, न जाळता तिच्यात कुठला धातू किती आहे, हे संगणकाच्या पडद्यावर उमटायचं. लहान वस्तूंसाठी ते नाक वर करून स्टँडमध्ये बसवायचं, नाकावर वस्तू ठेवायची आणि वरून झाकण लावायचं. साहेबांनी ते फौंड्रीवाल्यांच्या भंगारासाठी घेतलं होतं. मुलांच्या प्लास्टिकचं काम आमच्याकडे नुकतंच येऊ लागलं होतं.

यंत्राचा एक नियम होता, आणि तो मुजावर मॅडम नमाजाइतक्याच काटेकोरपणे पाळायच्या. सकाळी पहिल्यांदा एक शुद्ध पांढरी चकती ठेवायची. तिच्यात काहीही नाही असं यंत्रानं सांगितलं, की मग दिवसभर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

पण तो दसऱ्याचा दुसरा दिवस होता. खंडेनवमीला साहेबांनी सगळ्या उपकरणांची स्वहस्ते पूजा केली होती. पूजा झालेल्या यंत्राला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, ही केंद्राची शिस्त. यंत्र तिथेच झेंडूची माळ घालून बसलेलं होतं. मॅडम चकती घेऊन पुढे झाल्या तसे साहेब खुर्चीतून उठले.

"मॅडम, मुहूर्ताला शून्य?"

मॅडम म्हणाल्या की चकतीचं कामच ते आहे. साहेब म्हणाले, लोक बोहनीला गिऱ्हाईक बघतात, आपण काय रिकामी चकती लावून वर्षाची सुरुवात करायची? गिऱ्हाईक तर स्वतःहून चालत आलंय. चकती दोन नंबरला लावा. सणाचे दिवस म्हणून मॅडमनी चकती बाजूला ठेवली. साहेबांनी माळ उतरवली, यंत्र फडक्यानं पुसून स्टँडमध्ये बसवलं, खुळखुळा डोळ्यांना लावून उजव्या हातानं वर ठेवला आणि झाकण लावलं.

लाल दिवा लागला, विझला. पडद्यावर शिशाचा आकडा आला. मर्यादेच्या कितीतरी पुढे.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आकडा तोच होता.

मगदूमला आधी काही वाटलं नाही. शिसं म्हणजे शिसपेन्सिलीतलंच ना, त्यानं विचारलं. शाळेत असताना त्यानं अख्ख्या पेन्सिली खाल्ल्या होत्या आणि आज त्याचा स्वतःचा कारखाना होता. मी त्याला सांगितलं की पेन्सिलीत शिसं नसतं, नुसतं नाव आहे. हे खरं शिसं. मोठ्या माणसाला वाईटच, पण लहान मुलाच्या पोटात थोडं थोडं जात राहिलं तर डोक्यावर परिणाम होतो. वाढ खुंटते. आणि बाहेरून काही दिसत नाही.

"खुंटते म्हणजे?"

मी खुळखुळा उचलून बाजूला ठेवला. त्यानं दुसऱ्या खिशातून हिरवी रिंग काढली, मग लाल. दोन्ही तशाच निघाल्या. मॅडमच्या चकतीचं सगळेच विसरले, कारण मगदूम खाली जमिनीवरच बसला होता.

"सहा महिन्यांची होती तवापासून चावतीय," तो म्हणाला. "मीच देतोय."

साहेबांनी त्याला पेढा दिला. त्यानं तो हातातच धरून ठेवला.

मग त्यानं घरी फोन लावला. कारण सांगायचं त्याच्यानं झालं नाही. बबडी जे जे तोंडात घालते ते सगळं घेऊन ये, आणि तिलाही, एवढंच म्हणाला.

अर्ध्या तासात पद्मजा मगदूम रिक्षातून उतरली. कडेवर बबडी, दुसऱ्या हातात बाजाराची मोठी पिशवी. सांगितलेलं काम पुरं करणारी बाई होती. पिशवीतून दुधाची बाटली निघाली, चोखणी, चांदीचा वाळा, स्टीलचा चमचा, फणी, टीव्हीचा रिमोट आणि मगदूमची डाव्या पायातली चप्पल. सगळ्यात शेवटी, कव्हरसुद्धा न फाडलेली एक बाहुली. पिवळा झगा घातलेली.

"ही अजून दिलेली न्हाई तिला," पद्मजा म्हणाली. "काल वन्सं सोनं द्यायला आल्या तेव्हा घेऊन आल्या. मी कपाटावर टाकलीय. पण आणलंच आहे तर हिचंही बघा."

वन्सं म्हणजे मगदूमची थोरली बहीण. 'बघा' या शब्दावर जरा जोर होता.

मी तिला शिशाचं सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"अहो, भंगाराचा दाणा वापरलात का?"

जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा स्वस्त पडतो. त्यात कुठल्या जन्मीचं काय येईल सांगता येत नाही, हे कारखानदाराच्या बायकोला कळत होतं.

"न्हाई गं. पोरीची शप्पथ."

"तिची घेऊ नका," पद्मजा म्हणाली. "दुसरं कायतरी घ्या."

मी एकेक वस्तू यंत्रावर ठेवत गेलो. बाटलीत शिसं. चोखणीत शिसं. फणीत, रिमोटात, चांदीच्या वाळ्यात शिसं. कव्हरसकट डोक्यावर उभ्या केलेल्या बाहुलीतही होतं, पण चपलेतही तेवढंच निघाल्यामुळे पद्मजाला बाहुलीचं समाधान मिळालं नाही.

मगदूम पोरीला मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या हातात येईल ते काढून घेत होता. माझ्या किल्ल्या काढून घेतल्या, पेनचं टोपण काढून घेतलं, आईच्या पदराचं टोक काढून घेतलं. दात शिवशिवणारं पोर ते. तिनं भोकाड पसरलं. शेवटी तिनं बापाचा अंगठाच पकडला आणि हिरड्यांखाली घेतला. मगदूमनं तो तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, हे तरी चालतं का?"

मी हो म्हणालो. हात धुतलेले असतील तर, हे सांगायचा धीर झाला नाही.

इकडे टिळेकर साहेबांना विषय सापडला होता. विषय सापडला की त्यांना माणसं दिसेनाशी व्हायची. इतक्या वेगवेगळ्या वस्तूंत शिसं आहे, म्हणजे ते वस्तूंत नाही, वातावरणात आहे, असं त्यांनी ठरवलं. पाण्यातून येत असेल, साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून येत असेल. अख्खा जिल्हा विषारी झालेला असून ते पहिल्यांदा आपल्या केंद्राला कळलं आहे, आणि तेही दसऱ्याच्या मुहूर्तावर. पुण्या-मुंबईला जाऊन यावर भाषण द्यावं लागणार, असं ते मला सांगत होते. मुजावर मॅडम हळूच म्हणाल्या की वाळा आणि चमचा सोडला तर इतक्या वस्तूंत दुसरा कुठलाच धातू दिसत नाही, एकट्या शिशाचाच आकडा येतोय, आणि जवळजवळ एकसारखा येतोय, हे जरा विचित्र नाही का? साहेब म्हणाले, विलायती यंत्र आहे मॅडम, इंग्रजीतून खोटं बोलणार आहे का?

मॅडमनी मग एक काम केलं. साहेबांच्या खुर्चीमागच्या फळीवर त्यांचा जेवणाचा डबा होता. एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी होती. मॅडमनी डब्याचं गुलाबी झाकण काढलं आणि काही न बोलता यंत्रावर ठेवलं.

दिवा लागला, विझला.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मग झाकणाकडे. मग खिचडीकडे. त्या डब्यातून ते केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून जेवत होते. त्यांनी आधी स्वतःची नाडी बघितली. नंतर मला जीभ दाखवली आणि रंग कसा वाटतो ते विचारलं. आणि मग, जिल्हा विषारी झाल्याचं ज्यांना सकाळपासून एकदाही खोटं वाटलं नव्हतं, ते टिळेकर साहेब अगदी ठाम आवाजात म्हणाले,

"यंत्रात काहीतरी बिघाड आहे."

चकती आली. शुद्ध, पांढरी, कारखान्यातून काहीही नसल्याचं सर्टिफिकेट घेऊन आलेली चकती. तिच्यातही शिसं निघालं.

मॅडमनी यंत्र स्टँडमधून काढलं आणि खिडकीशी नेलं. नाकाच्या टोकाशी एक छोटी खिडकी असते आणि तिच्यावर एक पातळ पापुद्रा. तो मुळातच मधाच्या रंगाचा. त्याला बोट लावायचं नाही असा आम्हा सगळ्यांना दम होता, म्हणून सकाळी बाकी यंत्र पुसलं गेलं तरी तेवढा भाग कुणी पुसला नव्हता. मॅडमनी कापसाचा बोळा अलगद टेकवला. तो केशरी झाला.

"साहेब, नवमीला यंत्राला काय लावलं होतं?"

"शेंदूर," साहेब म्हणाले. "आमच्या गावच्या मारुतीचा. तेलात कालवून. हळदकुंकू उडून जातं हो, शेंदूर धरून राहतो."

"कुठे लावला होता?"

"नाकावर. तोंड तेच ना त्याचं?"

आम्ही सगळे त्या वेळी हात जोडून, डोळे मिटून उभे होतो. भक्तिभाव होता म्हणून कुणी बघितलं नाही.

शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हा प्रश्न आम्हा तिघांनाही बी.एस्सी.च्या परीक्षेत आलेला होता, आणि साहेबांचा तर त्या विषयात विद्यापीठात नंबर होता. त्यामुळे पुढचा काही वेळ आम्ही तिघे एकमेकांकडे न बघता हॉलमधल्या निरनिराळ्या वस्तू बघत होतो.

"म्हणजे काय झालं म्हणायचं?" मगदूमनं विचारलं.

"म्हणजे सकाळपासून आम्ही शेंदूर तपासतोय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या वस्तू नुसत्या त्याच्यावर बसून जात होत्या."

मगदूमला हसू फुटलं. तो पेढा तोंडात टाकणार तेवढ्यात पद्मजा बोलली.

"मग आमच्या खुळखुळ्यात काय आहे?"

"ते अजून तपासलंच नाही," मी म्हणालो.

मगदूमचा हात परत खाली आला.

कपाटात नवा पापुद्रा होता, तो मॅडमनी बसवला आणि सकाळपासून यंत्रावर बसलेली प्रत्येक वस्तू पुसून घेतली. आधी चकती ठेवली. शून्य आलं. सकाळी अपशकुन ठरलेल्या त्या शून्याला साहेबांनी हात जोडले. मग झाकण ठेवलं त्यांच्या डब्याचं, कारण ते स्वतःच घेऊन उभे होते. तेही साफ निघालं. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या खिचडीचे दोन घास खाल्ले.

मग हिरवी रिंग. काही नाही. लाल रिंग. काही नाही. पिवळा खुळखुळा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. स्वस्त पिवळ्या रंगातच शिसं घातलेलं असतं, हे मला माहीत होतं आणि मगदूमलाही माहीत असावं, कारण त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. पोरीला त्याच्याकडून घेऊन पद्मजा पडद्याकडे बघत होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. मधला तो वेळ मला अजून आठवतो. बबडी एकटीच आवाज करत होती.

"काही नाही," मी म्हणालो.

"परत सांगा," भिंतीकडे बघतच मगदूम म्हणाला.

"शिसं नाही. काहीच नाही. स्वच्छ आहे."

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. पद्मजानं त्याच्याजवळ जाऊन पोरीला त्याच्या हातात दिलं आणि "घ्या" एवढंच म्हणाली. शप्पथेचा विषय तिथे मिटला. मगदूमनं खुळखुळा स्वच्छ धुऊन लेकीच्या मुठीत दिला. तिनं तो लांब फेकून दिला. पहिल्यांदाच मगदूम विचारात पडला नाही.

पुढे मी त्याला मुलीचं रक्तही तपासून घ्यायला लावलं. ते चांगलं आलं. पण हे नंतरचं.

त्या दिवशी उरलेली पिशवी मी तपासून टाकली. बाटली, चोखणी, फणी, वाळा, सगळं निर्मळ निघालं. मगदूमच्या चपलेतसुद्धा धुळीशिवाय काही सापडलं नाही. शेवटी राहिली बाहुली. या वेळी कव्हर काढून तिला झग्यावर आडवी ठेवली.

दिवा लागला, विझला. पडद्यावर शिसं आलं. आणि या वेळी एकटं नाही, क्रोमियमला बरोबर घेऊन.

कुणाचाच विश्वास बसेना. मॅडमनी चकती ठेवली, शून्य. बाहुली फिरवून ठेवली, परत तेच. डोकं आणि हातपाय ठीक होते, विष सगळं पिवळ्या झग्यात होतं. शिसं आणि क्रोमियम असे जोडीनं आले की तो तोच स्वस्त पिवळा रंग, हे मॅडमनी पद्मजाला समजावून सांगितलं. पद्मजा अशा एकाग्रतेनं ऐकत होती की तिला रसायनशास्त्राला घालायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

"बघितलंत?" साहेबांना परत विषय सापडला होता. "यंत्राला शेंदूर लागला नसता, तर पहिलाच नमुना पास झाला असता. हे कागद घेऊन घरी गेले असते. ही पिशवी इथे आली असती का?"

मुजावर मॅडम चकती तिच्या डबीत ठेवू लागल्या. मी विचार केला. इतकी वर्षं झाली, यंत्राला शेंदूर लावणं चूक होतं हे मला कुणालाही पटवून देता येईल, फक्त या एका प्रश्नावर अजून काही बोलता येत नाही.

मगदूम बायकोला समजावत होता. अक्काला यातलं काही बोलू नकोस, ती मनाला लावून घेईल, हौसेनं आणली तिनं. पद्मजा बाहुलीकडे बघत गालात हसत होती. एवढ्या दिवसांच्या संसारात तिला वन्संच्या विरोधात पहिल्यांदाच विलायती यंत्राचा आधार मिळाला होता. मग तिचं हसू एकदम गेलं.

"अहो, जोडीनं घेतल्या होत्या त्या. दुसरी त्यांच्या सन्मतीला."

सन्मती म्हणजे वन्संचा धाकटा, बबडीपेक्षा थोडासाच मोठा. मगदूमनं खिसे चाचपायला सुरुवात केली, तोवर पद्मजानं त्याचा फोन टेबलावरून उचलून नंबर लावलाही होता.

"वन्सं, मी पद्मजा. काल आणलेली बाहुली कुठं हाय? सन्मतीची... तसं न्हाई वो, नावं ठेवत न्हाई मी. आधी सांगा कुठं हाय. त्याच्या हातात हाय का?"

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. तिनं फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितलं की बाहुली शोकेसमध्ये आहे, काचेला कुलूप लावून. पोरगं रात्रभर मागत होतं, पण एवढी महागाची वस्तू, खेळला तर खराब होईल म्हणून वन्संनी त्याला बोट लावू दिलेलं नाही.

मग तिनं हात काढला.

"वन्सं," ती म्हणाली, "फार चांगलं केलंत तुम्ही. ते कुलूप तसंच राहू द्या. तुमच्यासारखं डोकं आमच्या घरात कुणाला न्हाई."

मगदूम पोरीला कडेवर घेऊन उभा होता. त्यानं बायकोकडे बघितलं, मग यंत्राकडे, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं,

"साहेब, आत्ता ही जे बोलली, तेवढं एकदा तपासून देता का?"